आमची वाटचाल : राखड, जिवाणू आणि गुरांचे हौद

भद्रावती तालुक्यातील आमच्या कारखान्यात सुरुवातीला कुंपणाचे सिमेंटी खांब, नळ्या आणि गुरांना पाणी पाजण्याचे हौद एवढाच माल तयार होत असे. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची राखड इतक्या जवळ असूनही आम्ही ती बरीच वर्षे घेतली नाही, कारण राख घातलेला माल म्हणजे भेसळीचा माल, अशी गिऱ्हाइकांची आणि खरे सांगायचे तर आमच्या मिस्त्रींचीही समजूत होती. पुढे सिमेंट महागले, तेव्हा चौथा हिस्सा सिमेंट कमी करून त्या जागी राखड घातली. राखेतील सिलिका सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी संयोग पावून काँक्रीटला बळकटी देते खरी, पण हे काम सावकाश चालते. आम्ही जुन्या सवयीने सातव्या दिवशी तराई, म्हणजे पाणी मारून माल ओला ठेवणे, थांबवली आणि मे महिन्याच्या उन्हात पहिल्या खेपेच्या हौदांना केसासारखे तडे गेले. आता ओले गोणपाट १४ दिवस हलत नाही.

त्या तड्यांमुळेच आम्ही जिवाणूंकडे वळलो. अभियांत्रिकीला असलेल्या पुतणीने नेदरलँड्समधील डेल्फ्टचे संशोधक हेंक योंकर्स यांचे काम समजावून सांगितले : बॅसिलस जातीच्या जिवाणूंचे बीजाणू आणि त्यांचे खाद्य कॅल्शियम लॅक्टेट काँक्रीटमध्येच घालायचे, तड्यातून पाणी शिरले की बीजाणू जागे होतात आणि त्यांच्यामुळे तयार होणाऱ्या चुनखडीने भेग बुजते.

आम्ही मात्र आधी युरियावर जगणारे जिवाणू घेतले. शेतीचा अनुदानित युरिया कारखान्यात चालत नाही, म्हणून औद्योगिक युरिया विकत आणला, आणि शेडमध्ये अमोनियाचा असा दर्प पसरला की कामगार गोठा बरा म्हणू लागले. शिवाय जिवाणू थेट मिक्सरमध्ये ओतल्याने ताज्या काँक्रीटच्या १२ च्या वरच्या सामूत (पीएच), म्हणजे तीव्र अल्कधर्मी मिश्रणात, ते टिकले नाहीत. पुढच्या खेपेला बीजाणू आणि लॅक्टेट भाजलेल्या मातीच्या सच्छिद्र खड्यांत मुरवून मग मिश्रणात घातले. मुद्दाम तडकवलेला एक हौद भरून ठेवला. काही आठवड्यांनी पाझर थांबला आणि भेगेच्या जागी उमटलेली पांढरी रेघ नखाने खरवडूनही निघेना.

लॅक्टेट महाग पडते आणि कोरड्यात हे जिवाणू जागेच होत नाहीत, त्यामुळे खांबांना नुसती राखड आणि हौदांना दोन्ही, असे आम्ही ठरवले आहे. अर्ध्या मिलिमीटरहून रुंद तड्याची हमी आम्ही घेत नाही आणि तसे बिलावरच लिहून देतो.