निळ्या दारापर्यंत

शनिवारी रात्री सव्वाअकराला भाच्याचा मेसेज आला, "मामा, तळघर?" तो नागपुरात हॉस्टेलवर, मी नाशिकला. तळघर म्हणजे 'डार्क अँड डार्कर'. बायकोने फक्त विचारलं, "किती वाजेपर्यंत?" मी म्हटलं, एक फेरी. हे खोटं असतं हे तिलाही माहीत आहे.

ज्यांनी नावच ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. कोरियातल्या आयर्नमेस कंपनीचा हा कॉम्प्युटरवरचा खेळ. तिघांनी एका पडक्या किल्ल्यात किंवा गुहेत उतरायचं, सांगाड्यांशी मारामारी करायची, पेट्या उघडून माल गोळा करायचा आणि बाहेर पडायचं. त्याच वेळी आणखी बऱ्याच टोळ्या तिथे उतरलेल्या असतात आणि त्यांनाही तोच माल हवा असतो. जिवंत बाहेर आलात तर पिशवीतलं सगळं तुमचं. मेलात तर अंगावरचं चिलखतही तिथेच, आणि ते मारणाऱ्याच्या अंगावर चढतं. म्हणून माझं मत असं, की यात मारामारी दुय्यम आहे. कुठल्या क्षणी 'पुरे' म्हणायचं, त्याचा हा खेळ आहे. मला ते अजून जमत नाही.

निघण्याआधीची तयारी सांगतो, कारण माझ्या पहिल्या वीसेक फेऱ्या इथेच वाया गेल्या. हेडफोन नसेल तर जाऊच नका. हा खेळ निम्मा कानाने खेळायचा आहे. दगडावरची पावलं वेगळी वाजतात, दार उघडल्याचा आवाज दोन खोल्यांपलीकडून येतो, आणि कुणी औषध प्यायलं तर तेही ऐकू येतं. त्यानंतर खरेदी. खेळातल्या दुकानदारांपैकी सर्जनकडून बँडेज, अल्केमिस्टकडून जखमा भरणारं लाल औषध. नवखा माणूस सगळे पैसे तलवारीवर घालतो आणि औषधाला उरत नाहीत, तसं करू नका. शेकोटीचं सामान मिळालं तर घ्याच, त्याचा उपयोग पुढे येईल. आणि अगदी कफल्लक झालात तरी जुजबी कपडे आणि हत्यार मिळतंच. त्या गरिबीची लाज वाटून घेऊ नका. फुकटच्या कपड्यांत माणूस जास्त धीट असतो.

कोण व्हायचं, हा पुढचा प्रश्न. फायटर, बार्बेरियन, रोग, रेंजर, विझार्ड, क्लेरिक, बार्ड, वॉरलॉक, ड्रुइड, सॉर्सरर असे दहा क्लास, म्हणजे पात्रांचे प्रकार, आहेत. सुरुवातीला फायटर घ्या. ढाल धरता येते, चुका माफ होतात. मी क्लेरिक झालो, कारण भाच्याला जखमा बांधणारा कुणीतरी हवा होता. तो रेंजर, धनुष्यवाला. तिसरा कुणी अनोळखी विझार्ड, म्हणजे जादूगार, मिळाला. तो बोलला नाही, नुसता मान हलवत उभा होता.

आम्ही कमी गिअर-स्कोअरच्या लॉबीतून गेलो, म्हणजे अंगावरच्या सामानाचे गुण कमी असलेल्यांच्या गटातून. आमच्या वेळी तिथली मर्यादा पंचवीसच्या खालची होती, म्हणजे साध्या पांढऱ्या सामानाचीच माणसं. निदान तसं म्हणतात. प्रत्यक्षात जुने मुरलेले खेळाडू त्या मर्यादेत बसेल असा सर्वांत चोख संच शोधून घालतात आणि नवख्यांना कापत फिरतात. दुसरीतल्या पोराच्या शर्यतीत दहावीतलं पोर अनवाणी पळावं, तसं. नियम कुणी मोडलेला नसतो, पण निकाल ठरलेला असतो.

उतरलो तो 'रुइन्स' हा पडक्या किल्ल्याचा वरचा मजला. त्याच्या खाली क्रिप्ट्स, त्याच्याही खाली इन्फर्नो. भिंतीवर मशाली जळत होत्या. मीही माझी एक काढून हातात घेतली, तर कानात भाचा खेकसला, "मामा, विझव ती! सगळ्यांना दिसतोयस!" ही त्या खेळातली सर्वांत सुंदर गोष्ट. उजेड घेतला तर तुम्हाला दिसतं, आणि तुम्हीही दिसता. भिंतीवरची मशाल विझवून अंधारात उभं राहता येतं. आत येणारा माणूस खोली रिकामी समजतो. आणि उलटही: एखाद्या वाटेवरच्या मशाली विझलेल्या दिसल्या तर समजा, कुणीतरी आधी येऊन गेलंय किंवा अजून तिथेच बसलंय. इतकी साधी युक्ती, पण तिने जी भीती वाटते ती महागड्या ग्राफिक्सने वाटत नाही.

सांगाड्यांशी लढायची रीत भाच्याने शिकवली ती तशीच देतो. त्याचा हात वर गेला की मागे सरका, वार हवेत गेला की पुढे या, एक मारा, पुन्हा मागे. दुसरा मारायचा मोह झाला की खाल्ला. घाई नको. प्रत्येक राक्षसाची लय ठरलेली असते आणि ती मार खाऊनच पाठ होते. तुमचीही तलवार भिंतीला अडकते, त्यामुळे अरुंद बोळात लांब शस्त्र फिरवू नका. एका कोपऱ्यात छान पेटी दिसली. मी हात लावला आणि पेटीने तोंड उघडून मला चावलं. मिमिक, पेटीचं सोंग घेतलेला राक्षस. भाचा इतका हसला की माइक फाटला. पेटीजवळ जाण्याआधी लांबून काहीतरी मारून बघा, हा धडा मी अर्धं रक्त देऊन शिकलो.

रक्त भरून काढायला शेकोटी पेटवली. ही बसण्याची वेळ मला फार आवडते. तिघं गोल बसलेले, जखमा हळूहळू भरतायत, मंत्र परत येतायत, आणि बाहेर कुठेतरी दार वाजतंय. कुणी काही बोलत नाही. गडावर रात्री मुक्काम करताना चूल विझत आली की असंच होतं.

आणि मग विझार्डने आमचं वाटोळं केलं. शेजारच्या खोलीत दोन जण घुसले, भाचा दारात उभा राहून बाण सोडत होता, आणि पाठीमागून आमच्याच माणसाने फायरबॉल टाकला. या खेळात आपला मारही आपल्या माणसाला लागतो. शत्रूंपैकी एक मेला, भाचा जवळजवळ मेला, आणि विझार्ड स्वतः भिंतीवरून परतलेल्या आगीत आडवा झाला. तर अनोळखी विझार्डबरोबर दारात उभं राहायचं नाही. जमलं तर तिन्ही जण ओळखीचेच न्या. मेलेल्या सोबत्याचं हृदय उचलून वेदीपर्यंत नेलं तर तो जिवंत होतो, पण वेदी सापडायला हवी आणि तेवढा वेळ हवा. आमच्याकडे दोन्ही नव्हतं. त्याचं हृदय मी खिशात घातलं आणि शेवटपर्यंत वागवलं.

एकट्याने जाणाऱ्यांसाठी एक गंमत. एकट्यांच्या लॉबीत समोरचा माणूस अचानक भराभर बसतो-उठतो, बसतो-उठतो. ती उठाबशांची भाषा आहे. अर्थ असा, की मी मारत नाही, तूही मारू नकोस. पहिल्यांदा मला वाटलं त्याचा कीबोर्ड बिघडलाय. उत्तरादाखल तुम्हीही चार उठाबशा काढायच्या आणि आपापल्या वाटेने जायचं. पाठ मात्र दाखवायची नाही. उठाबशा काढून मग पाठीत खंजीर घालणारे पुष्कळ. आणि दोस्ती तेवढ्यावरच ठेवा. एकट्यांच्या लॉबीत ठरवून टोळी करणं नियमाबाहेरचं आहे.

आता तक्रारी. पहिली, पुरेसं शिकवणं नाही. कुठलं औषध कशाला, निळं दार म्हणजे काय, लाल म्हणजे काय, हे खेळ धड सांगत नाही. तर मी सांगतो: निळं दार बाहेर नेतं, लाल दार आणखी खाली. खाली माल चांगला आणि मरणही पक्कं. क्रिप्ट्समध्ये लिच आणि घोस्ट किंग हे बडे राक्षस असतात, त्यांच्या वाटेला नवख्याने जाऊ नये. दुसरी तक्रार तोल नसल्याची. या महिन्यात एक क्लास राजा, पुढच्या बदलात तो भिकारी. मनापासून जमवलेली खेळण्याची पद्धत एका रात्रीत निरुपयोगी होते. तिसरी, महागड्या सामानाची दरी. जांभळं-केशरी सामान घातलेला माणूस तुमचे चार वार खाऊन एका वारात तुम्हाला झोपवतो, तेव्हा कौशल्याचा प्रश्नच उरत नाही. चौथी तक्रार खरं तर माझ्या वयाची आहे. फेरी वीसेक मिनिटांची, पण तिच्याआधी सामान लावणं, बाजारात भाव बघणं, जमवलेल्या मालाचा पेटारा आवरणं यात तेवढाच वेळ जातो. आणि नवा सीझन आला की तो आवरलेला पेटारा पुसलाही जाऊ शकतो. तेव्हा चांगली तलवार जपून ठेवू नका, वापरा.

या खेळाची कोर्टकचेरीही गाजलेली आहे, तीही जाताजाता. आयर्नमेस उभारणाऱ्यांत नेक्सॉन या मोठ्या गेम कंपनीतून बाहेर पडलेली माणसं होती. आमच्या प्रकल्पाची चोरी केली, असा नेक्सॉनचा आरोप होता. मार्च २०२३मध्ये खेळ स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावरून उतरवला गेला, तर एप्रिलमधली चाचणी त्यांनी चक्क टॉरेंटवरून वाटली. ऑगस्ट २०२३मध्ये तो विकायला आला, जून २०२४मध्ये स्टीमवर परतला. फेब्रुवारी २०२५मध्ये सोलच्या कोर्टाने कॉपीराइटचा दावा फेटाळला, पण व्यापारी गुपितांच्या मुद्द्यावर ८.५ अब्ज वॉन भरपाई द्यायला सांगितली. स्टीमवर तो फुकट सुरू करता येतो, पण फुकट खात्याला मर्यादा आहेत. आधी दहा-बारा फेऱ्या फुकटात मारा. भीती आवडली तरच पैसे घाला.

परत किल्ल्यात. पिशवी भरली होती, भाच्याला एक निळ्या दर्जाचं धनुष्य मिळालं होतं, आणि कडेने जागा गिळत येणारं काळं वादळ आत सरकत होतं. इथेच 'पुरे' म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, अजून एक खोली. त्या खोलीच्या दारापाशी तीन जणांची पावलं वाजली. पळालो. पळताना हत्यार म्यान करा, हात रिकामे असले की वेग वाढतो, आणि चिलखत जितकं जड तितके तुम्ही सावकाश. मी जड होतो. भाचा पुढे गेला, एक निळं दार शोधलं आणि थांबला. त्या दारातून एकच जण जाणार होता.

"मामा, तू जा. मी यांना अडवतो."

"अरे पण धनुष्य?"

"खाली टाकलंय. उचल आणि जा!"

त्याने खरंच धनुष्य खाली टाकलं होतं आणि माझं जुनं काठीवजा हत्यार घेऊन तो बोळात उभा राहिला. दार उघडायला काही सेकंद बटण दाबून धरावं लागतं. मागे लोखंडावर लोखंड वाजत होतं. मी बटण दाबलं, निळा उजेड झाला, बाहेर आलो. पिशवी उघडून बघितली. सोन्याची नाणी, दोन पेले, एक अंगठी, अनोळखी विझार्डचं हृदय.

धनुष्य तिथेच राहिलं होतं.

भाच्याला सांगायला चार दिवस लावले. त्याने लिहिलं, "माहितीये मामा, मेल्यावर मी बघत होतो. शनिवारी येतोयस ना?"