चौदा पिशव्या आणि एक विमान

काही महिन्यांपूर्वी कपाट आवरताना घरात एकूण 14 कापडी पिशव्या निघाल्या. एका पिशवीत बाकीच्या तेरा कोंबलेल्या. दर वेळी पिशवी न्यायला विसरायचं आणि मग प्लास्टिक नको म्हणून नवीन कापडी घ्यायची, असं करत करत जमलेलं हे कलेक्शन, आणि वर मी स्वतःला पर्यावरणवाली समजत होते! डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने 2018 मध्ये पिशव्यांचा एक अभ्यास करून घेतला होता, त्यात असं निघालं की नुसतं हवामानापुरतं बघितलं तरी सुती पिशवी प्लास्टिकच्या साध्या पिशवीपेक्षा बरी ठरायला ती पन्नासेक वेळा तरी वापरावी लागते, कारण कापूस पिकवायचा, कापड विणायचं यात भरपूर ऊर्जा आणि पाणी जातं. (उघड्यावर पडणारं, समुद्रात जाणारं प्लास्टिक त्यांनी हिशोबात धरलं नव्हतं, त्यामुळे लगेच प्लास्टिककडे पळू नका.) माझ्या चौदातल्या निम्म्यांची तर अजून घडीही मोडलेली नाही.

त्याच तिरमिरीत ऑनलाइन कार्बन फूटप्रिंटचा, म्हणजे आपल्या राहणीमुळे हवेत किती कार्बन जातो ते मोजणारा, कॅल्क्युलेटर उघडून बसले. दिवे बंद करते का, हो. कचरा वेगळा करते का, हो हो. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत पुढे जातेय तेवढ्यात प्रश्न आला, गेल्या वर्षी विमानाने किती वेळा गेलात? एकदाच गेले होते, लांबच्या प्रवासाला. ते टाकलं आणि स्क्रीनवरची पट्टी अशी काही उडाली की वर्षभराचे दिवे, कचरा, पिशव्या, सगळं मुसळ केरात.

नंतर यावर जरा वाचलं. 2017 मध्ये सेथ वाइन्स आणि किंबर्ली निकोलस या दोघा संशोधकांनी वेगवेगळ्या सवयींचा हिशोब मांडला होता, श्रीमंत देशांच्या राहणीमानावरून. वर्षभर गाडीशिवाय राहिलात तर साधारण 2.4 टन कार्बन उत्सर्जन वाचतं, अटलांटिकपलीकडे जाऊन-येऊन एक विमानप्रवास टाळला तर 1.6 टन, मांस-दूध सोडून शाकाहारी झालात तर 0.8 टन. शाळेच्या पुस्तकांत मात्र बहुतेक बारीकसारीक उपायच सांगितलेले, मोठ्या गोष्टींचा उल्लेख फारच थोडा, आणि ते त्यांनी कॅनडातली पाठ्यपुस्तकं तपासून दाखवलं. म्हणजे आपल्याला लहानपणापासून नळ बंद करायला शिकवतात ते चांगलंच आहे हो, पण त्याच्यापुढे कोणी जातच नाही.

आणि मग तो शोध लागला ज्याने माझं डोकंच फिरलं. हा 'कार्बन फूटप्रिंट' शब्द घरोघरी पोचवण्यात मोठा हात कोणाचा, तर बीपी या तेल कंपनीचा. 2000 नंतरच्या दशकात त्यांनी जाहिराती करून, कॅल्क्युलेटर देऊन लोकांना विचारलं, तुमचा फूटप्रिंट किती? तेल उपसून विकणार ते आणि वही घेऊन हिशोब लिहीत बसायचं मी, होय? त्यानंतर दोन-तीन महिने मी काहीच केलं नाही, मुद्दाम. मैत्रिणीला हे सगळं तावातावाने सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "बरं, मग आता तू विमानाने फिरायला मोकळी झालीस का?"

उत्तर नव्हतं माझ्याकडे. 2018 साली जगातल्या जेमतेम 11 टक्के लोकांनी विमानप्रवास केला असा अंदाज आहे, आणि जगातल्या सर्वांत श्रीमंत 10 टक्के लोकांच्या वाट्याला जवळपास निम्मं उत्सर्जन येतं. मी स्वतःला 'सामान्य माणूस' म्हणून मोकळी होत होते, पण विमानाच्या रांगेत उभी होते तेव्हा मी सामान्य नव्हतेच. जो कधी विमानात बसलाच नाही त्याला जबाबदारीचं लेक्चर द्यायचा मला काय अधिकार.

पण मला सगळ्यात जास्त विचारात पाडलं ते 2020 ने. आठवतंय ना, विमानं जमिनीवर, रस्ते ओस, अर्धं जग घरात कोंडलेलं. तरी त्या अख्ख्या वर्षात जगाचं कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन कमी झालं ते साधारण 5 टक्के. फक्त! कारण आपण घरात बसलो तरी फ्रिज चालू होता, फ्रिजमागे विजेची ग्रिड होती, ग्रिडमागे कोळसा जळत होता, सिमेंट-पोलादाच्या भट्ट्या बहुतेक चालूच. माझ्या घरातलं बटण मी बंद करू शकते, पण बटणामागे काय जळतंय ते मला एकटीला बदलता येत नाही. ते कायद्याने, धोरणाने, सगळ्यांनी मिळून मागितल्यानेच बदलतं.

मग आपण करतो ते सगळं व्यर्थच का? तसंही नाही वाटत. ओझोनचंच बघा ना. 1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी सांगितलं की स्प्रेच्या डब्यांतला सीएफसी वायू ओझोनचा थर खातोय. अमेरिकेत बऱ्याच लोकांनी बंदीची वाट न बघता ते डबे घेणं बंद केलं, 1978 मध्ये तिथे स्प्रेमधल्या सीएफसीवर बंदी आली, 1985 मध्ये अंटार्क्टिकावरचं छिद्र जगाला कळलं आणि 1987 मध्ये मॉन्ट्रियलचा करार झाला, जो पुढे जगातल्या सगळ्या देशांनी मान्य केला. अर्थात सीएफसी बनवणाऱ्या कंपन्या मोजक्या होत्या, पर्यायही सापडले, कोळसा-तेलाचं इतकं सोपं नाही हे मलाही कळतं. पण लोकांनी डबे घेणं सोडलं ते वाया गेलं असं कोण म्हणेल? तसंच कॅलिफोर्नियात एक अभ्यास झाला होता, त्यात दिसलं की ज्या भागात आधीच काही छपरांवर सोलर आहे तिथे आणखी लोक सोलर बसवतात. शेजाऱ्याचं बघून! म्हणजे माझ्या कृतीचं वजन किलोत कमी असेल, पण ती कोणाला दिसते का याला बरंच वजन आहे.

म्हणून मी कॅल्क्युलेटर बंद केलाय आणि बडबड सुरू केलीय. गेल्या महिन्यात ऑफिसच्या कामासाठी जायचं होतं, म्हटलं रात्रीच्या ट्रेनने जाते. तर नियम असा निघाला की विमानाचं तिकीट ऑफिस काढणार, पण ट्रेनमुळे जास्तीचा अर्धा दिवस गेला तर तो माझ्या रजेतून कापणार! म्हणजे मला चांगलं वागायचं असेल तर स्वतःच्या सुट्टीची किंमत मोजायची. एरवी मी गुपचूप रजा टाकली असती आणि मनातल्या मनात संत झाले असते. या वेळी मेल लिहिला, रात्रभराच्या अंतराला ट्रेन हा पहिला पर्याय ठेवा आणि प्रवासाचा वेळ कामात धरा म्हणून. पाठवायच्या आधी दोघा-तिघांना दाखवला. वाटलं होतं हसतील, तर एकजण म्हणाला, अगं मला विमानात कान दुखतात, मी कधीपासून हेच मागणार होतो, माझंही नाव टाक.

पाच नावं झाली शेवटी. त्यातल्या दोघांना हवामानाशी काही देणंघेणं नाही, त्यांना फक्त पहाटे चारला उठून एअरपोर्टवर जायचं नाहीये. चालेल. उत्तर आलंय की 'विचार करू', पुढच्या आठवड्यात मीटिंग ठेवलीय. आणि मीटिंगला लॅपटॉप न्यायला मी त्या चौदातली सगळ्यात जुनी पिशवी काढून ठेवलीय, तिचे पन्नास कधीच झालेत.