आमची वाटचाल : सांध्याची पांढरी रेघ

सोलापूरच्या नवी पेठेतलं हे दुकान वडिलांचं, देवांच्या तसबिरी मढवायचं. जुन्या बंदरांची चित्रं त्यात मी आणली. १८४२ साली निघालेल्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' या विलायती सचित्र साप्ताहिकाची सुटी पानं मुंबईच्या रद्दीवाल्यांकडून आणायचो: मुंबई, कलकत्ता, एडन, सिंगापूर. सोलापुरात बंदर कोण घेणार, असं सगळे म्हणाले. लोकांनी घेतली. त्या वर्षांत सांगण्यासारखं फार काही नाही.

मग समोर दुसरं दुकान निघालं. तिथे संगणकावर छापलेलं पान चहाच्या पाण्यातून काढून उन्हात वाळवायचे आणि '१८६०चं अस्सल' म्हणून आमच्या निम्म्या भावात द्यायचे. एकात तर अपोलो बंदरावर गेटवे उभा! गेटवे पुरा झाला १९२४ला. तरी गिऱ्हाईक तिकडेच जायचं. एकाने भर दुकानात म्हटलं, "फसवता तुम्हीच." तो शब्द अजून सलतो. आठ महिने भाडं थकलं, कारागीर सोडून गेला.

तगलो ते सरांमुळे. निवृत्त चित्रकला शिक्षक, आमचं पहिलं गिऱ्हाईक. दर शनिवारी भिंग घेऊन स्टुलावर बसायचे आणि येणाऱ्याच्या हातात ते द्यायचे. "ठिपके दिसतात? मग हे १८६०चं नाही. ठिपक्यांची छपाई फार नंतर आली. आता हे बघ." त्या काळी चित्र बॉक्सवुड या कठीण लाकडावर कोरून छापायचे. त्याचं खोड बारीक, म्हणून लहान लहान ठोकळे बोल्टांनी जोडून पानभर चित्र करायचे. घाई असली की ठोकळे सुटे करून एकेका कोरणाऱ्याला वाटायचे. पुन्हा जोडताना फट राहिली तर छपाईत बारीक पांढरी रेघ उमटते, थेट आभाळातून शिडापर्यंत. गिऱ्हाइकाला ती खोट वाटायची; सर तीच बोटाने दाखवायचे. रंगीत पान जुनं असतं हाही गैरसमज. ही चित्रं बहुतेक काळीपांढरीच छापली जात, रंग मागाहून हाताने भरलेले.

घरी असं पान असेल तर चिकटपट्टी लावू नका. गव्हाच्या पिठाची पातळ खळ करा. विणकरांच्या गावात खळ काय शिकवायची! काच पानाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, हवाच, नाहीतर पावसाळ्यात पान काचेला धरतं. पश्चिमेच्या भिंतीवर तर मुळीच नको, आपलं ऊन महिन्यात कागद पिवळा करतं.

समोर आता मोबाइलची कव्हरं मिळतात. सरांना हल्ली जिना उतरवत नाही, म्हणून शनिवारी नवीन आलेली पानं मीच त्यांच्या घरी नेतो. भिंग त्यांनी दुकानाला दिलंय. गल्ल्याशेजारी सुतळीला बांधून ठेवलंय.