विमान उतरलं, पण हद्द ठरेना

उडत्या विमानाचं इंजिन बंद पडल्यावर काय वाटलं, असं सगळे विचारतात. काही वाटायला वेळच नव्हता. वैताग आला तो खाली उतरल्यावर, आणि तो अजून गेलेला नाही.

सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, २०० तास उड्डाण लागतं, त्यातली माझी सोलो क्रॉसकंट्री, म्हणजे एकटीने करायची लांबची फेरी, चालू होती. विमान सेसना १७२. पुणे आणि सातारा जिल्ह्यांच्या सीमेवर, जमिनीपासून साधारण ३,५०० फुटांवर इंजिन धडधडायला लागलं, आरपीएम पडला आणि पंखा नुसता वाऱ्यावर फिरत राहिला. पुढचं इन्स्ट्रक्टरनी इतकं घोकून घेतलं होतं की हात आपोआप चालले. वेग ६५ नॉट्स, शेत निवडणं, मग इंजिन परत चालू होतंय का बघायला एकेक खटका: कार्ब हीट (कार्ब्युरेटरला गरम हवा), फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडणारा), मिक्श्चर (हवा-इंधनाचं प्रमाण), मॅग्नेटो (ठिणगी देणारा). काही केल्या ताकद येईना. रेडिओवर मेडे, म्हणजे संकटाचा इशारा, दिला.

हे विमान इंजिनाशिवाय हजार फुटांमागे दीड सागरी मैल जातं, तेही वारा नसेल तर. खाली जिकडेतिकडे ऊस. उभ्या उसात शिरलं की विमान पालथं व्हायची भीती. एक हरभऱ्याचं लांब रान दिसलं. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, खांब शोधायचे. ते एकाच बाजूला होते. सरीला समांतर उतरले, शेवटी एक बुटका बांध ओलांडताना पुढचं चाक वाकलं आणि विमान थांबलं. मला खरचटलंही नाही. याचा मला अभिमान आहे, उगाच विनय कशाला.

पण तो बांध म्हणजे दोन गावांची शीव निघाली.

लोक धावत आले, "ताई, लागलं का कुठं?" म्हणत पाणी दिलं. पोलीसही लवकर आले. हवालदारांनी विमानाभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "हे तर बांधाच्या अलीकडं उभंय. आमच्याकडं नाही येत." मग दुसऱ्या ठाण्याचे आले. त्यांचं म्हणणं, चाकं टेकली पलीकडे, म्हणजे घटना पलीकडची. दोघंही अगदी सौजन्याने बोलत होते, आणि दोघंही लिहून घेत नव्हते.

बरं, विमान हलवावं तर तेही नाही. विमान अपघात तपासाच्या नियमांप्रमाणे माणसं काढायची असतील, आग किंवा लोकांना धोका असेल तरच हात लावायचा. एरवी परवानगी येईपर्यंत जागचं हलवायचं नाही. म्हणजे राखण आली. राखणीला शिपाई कुठल्या ठाण्याचा, तर ज्याची हद्द त्याचा! तोवर राखण मीच केली. पोरं एलरॉनला, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्टीला, लोंबकळायला बघत होती. विमानाने मोडला त्याच्या कितीतरी पट हरभरा बघ्यांनी तुडवला, आणि ते शेतकरी मामा बिचारे मलाच चहा पाजत होते. फ्लाइंग स्कूलच्या ऑफिसातून फोनवर एकच पालुपद, "पोलिसांचं काहीतरी लेखी घ्या."

सोडवलं ते पोलीस पाटलांनी. मोबाइलवर सातबारा काढला, विमान उभं होतं तो गट नंबर दाखवला आणि विषय संपवला. असं कुणावर आलंच, तर आधी पोलीस पाटील शोधा आणि गट नंबर विचारा. पिकाच्या पंचनाम्याला तलाठ्यांनाही तोच लागतो.

ठाण्यात जबाब. वाहन क्रमांक? व्हीटीने सुरू होणारा नंबर सांगितला. "एमएच नाही?" नाही. चालकाचं लायसन्स? स्टुडंट पायलट लायसन्स दिलं, ते उलटंपालटं करून बघितलं गेलं. मग टाइप केलेला जबाब पुढे आला: "मी सदरचे विमान हयगयीने व अविचाराने, भरधाव वेगात चालवून..."

मी सही करणार नाही म्हटलं. "मॅडम, तो ठरलेला मजकूर असतो." असेल. पण विमान अपघाताचा अधिकृत तपास दोष कुणाचा हे ठरवण्यासाठी नसतोच, पुन्हा तसं घडू नये म्हणून असतो. आणि इथे मी माझ्या सहीने गुन्हा कबूल करून मोकळी होणार होते. भूक लागली होती, अंधार पडला होता, तरी बसून राहिले. "भरधाव" लगेच खोडलं गेलं, कारण बंद इंजिनाचं विमान भरधाव कसं, हे साहेबांनाही पटलं. "हयगयीने" खोडायला ठाणे अंमलदार जेवून येईपर्यंत थांबावं लागलं. जबाब शब्दन् शब्द वाचल्याशिवाय सही करू नका, कितीही दमला असलात तरी.

नंतर इंजिन उघडलं तेव्हा एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तुटलेला निघाला.

मध्येच राहिलं: उतरण्याआधी मिक्श्चर, इंधन, इग्निशन बंद करा, पण मास्टर स्विच, म्हणजे विजेचा मुख्य खटका, सगळ्यात शेवटी. १७२ चे फ्लॅप, म्हणजे उतरताना पंखांमागून खाली सोडायच्या पट्ट्या, विजेवर चालतात. दरवाजे आधीच उघडून ठेवा, आदळल्यावर अडकतात. आणि उतरल्यावर गर्दी जमायच्या आत पॅनेलचे फोटो काढा, वेळ आणि टाकीतलं इंधन नीपॅडवर, म्हणजे मांडीला बांधलेल्या वहीत, लिहा.

जबाबाची प्रत मात्र मला अजून मिळालेली नाही. विम्याला ती लागते. अर्ज दिला की विचारतात, घटना नक्की कुठल्या हद्दीतली?