हातभर चर

पहाटे पावणेपाचला गजर वाजला तेव्हा नवरा कूसही न बदलता म्हणाला, "अगं, घोडामैदान जवळच आहे. झोप अजून थोडी."

स्पर्धेचं मैदान खरंच जवळ होतं, गाडीने पाऊण तास. पण तिथे जायच्या आधी घोडीच्या अयाळीच्या वेण्या घालायच्या होत्या, आणि ते काम गाडीत होत नाही. लहानपणी रोज सकाळी आई मला गुडघ्यात धरून, डोळे ताणले जातील इतक्या घट्ट वेण्या घालायची. त्या शिक्षणाचा उपयोग चाळिशी उलटल्यावर हॅम्पशायरच्या एका तबेल्यात होईल असं दोघींनाही वाटलं नव्हतं. ओला कंगवा, छोटे रबर, आणि आईचा तोच हुकूम: "हलू नकोस." घोडीही माझ्यासारखीच हलली. अकरा वेण्या झाल्या, त्यातल्या तीन वाकड्या.

घोडी माझी नाही. आठवड्यातले तीन दिवस माझी, उरलेले मालकीणबाईंची. इकडे अशी अर्धेली सर्रास चालते. आयरिश वळणाची, जाड पायांची, पोट सुटलेली. मी घोड्यावर बसायला लागले २०२१ साली. टोकियो ऑलिंपिकमध्ये फवाद मिर्झा इव्हेंटिंग या घोडेस्वारीच्या खेळात भारताकडून उतरला होता. २००० साली सिडनीला इम्तियाज अनीस खेळला, त्यानंतर एकवीस वर्षांनी आपला कोणी स्वार ऑलिंपिकला गेला होता. फवाद तेविसावा आला. मी सोफ्यावर बसून रडले आणि पुढच्याच शनिवारी पहिल्या धड्याला गेले. त्याआधीचा माझा अनुभव म्हणजे वेण्णा लेकवरची एक फेरी, तीसुद्धा घोडेवाल्याने लगाम धरून मारलेली.

आईला अजून वाटतं की मी शर्यतीत पळते. फोनवर प्रत्येक वेळी नव्याने सांगावं लागतं. आई, हे महालक्ष्मी नाही, इव्हेंटिंग आहे. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे घोड्याची कवायत. मग रिंगणातल्या उड्या. शेवटी क्रॉस-कंट्री, म्हणजे रानातून धावत पक्के रोवलेले अडथळे पार करायचे. तिन्हींचे दंडगुण एकत्र करायचे, ज्याचे कमी तो वर. "म्हणजे मार्क जितके जास्त तितका नंबर खाली?" आईने विचारलं होतं. हो. "मग तुला जमेल," ती म्हणाली.

स्पर्धा होती ट्विझलडाउनला. ऑल्डरशॉट या लष्करी गावाशेजारचं हे जुनं रेसकोर्स. पाइनची झाडं, जांभळट हेदरची झुडपं आणि पायाखाली वाळू. इंग्लंडात निम्मी मैदानं पावसाने चिखल होतात. इथे पाणी झिरपून जातं, म्हणून स्वारांचा या जागेवर जीव. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमधली इव्हेंटिंगची रानातली दौड याच भागात झाली होती. तेव्हा या खेळात लष्करी अधिकाऱ्यांचाच भरणा. साधा शिपाई चालत नसे, बाई तर नाहीच. त्याच ऑलिंपिकात ड्रेसाजमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्ण जिंकलं आणि पुढच्या वर्षी ते काढून घेतलं गेलं, कारण त्यांचा एक स्वार मुळात सार्जंट होता. स्पर्धेपुरती बढती देऊन त्याला अधिकारी केलं होतं. घोड्याला त्या फितीशी काय देणंघेणं? इव्हेंटिंगमध्ये बाई ऑलिंपिकला उतरली ती थेट १९६४ साली. आज मात्र स्त्री-पुरुष एकाच यादीत असतात, वेगळे गट नाहीत. वाहनतळावर निम्म्याहून जास्त बायकाच होत्या. बरेचसे पुरुष बादल्या वाहत होते, माझा नवरा त्यांतलाच एक.

आदल्या संध्याकाळी आम्ही दोघांनी क्रॉस-कंट्रीचा मार्ग पायी फिरून पाहिला होता. हे करावंच लागतं, कारण घोड्याला तो मार्ग आधी दाखवायचा नसतो. वळण कुठून घ्यायचं, कुठे ऊन डोळ्यांवर येईल, कुठे उतार आहे, ते सगळं स्वारानेच लक्षात ठेवायचं. प्रत्येक अडथळ्याच्या उजव्या हाताला लाल झेंडी आणि डाव्या हाताला पांढरी, आपण त्यांच्या मधून जायचं. आमचा वर्ग ८० सेंटिमीटरचा, म्हणजे जेमतेम डायनिंग टेबलाएवढा. ओंडके, लाकडी घरकुल, गवताने भरलेला पाळणा, पाण्याचं डबकं. सगळं ठीक वाटलं. अकराव्या नंबरला चर होता.

चर म्हणजे नुसती जमिनीत खणलेली चीर. वर काही नाही. कडेला लाकडी फळ्या, आत वाळू आणि पाइनच्या सुया. मी काठावर उभी राहून आत पाहत राहिले. हातभर रुंद असेल, खोली गुडघ्यापर्यंतही नाही. नवऱ्याने हातातला चहाचा कागदी पेला न सांडता त्यावरून टांग टाकली, परत इकडे आला, पुन्हा पलीकडे गेला. "यात काय आहे?" काहीच नव्हतं. तेच तर.

सकाळी नऊ अठराला ड्रेसाज. वीस बाय चाळीस मीटरचं आखलेलं गवत, कडेने अक्षरांच्या पाट्या: ए, के, ई, एच, सी, एम, बी, एफ. हा क्रम कुठून आला देव जाणे. इथल्या पोरांना तो एडवर्ड राजाच्या घोड्यांच्या एका वाक्याने पाठ असतो. मी पाढ्यासारखा घोकला होता. परीक्षक बाई सी या अक्षरामागे स्वतःच्या मोटारीत बसलेल्या. अशा गावठी मैदानांवर परीक्षक गाडीतच बसतात आणि घंटेऐवजी हॉर्न वाजवतात. हॉर्न वाजला की सुरू. ट्रकच्या मागे "हॉर्न ओके प्लीज" वाचत वाढलेल्या माणसाला हे फार आपलंसं वाटतं.

दुडकी चाल बरी चालली होती. घोडी चक्क मान वाकवून ऐकत होती, आणि त्या आनंदात मी ई ला वळायचं विसरून सरळ पुढे निघून गेले. पीं! दुसरा हॉर्न. चूक. गाडीच्या काचेतून बाईंनी हाताने वळण दाखवलं, सिग्नल तोडणाऱ्याला हवालदार दाखवतो तसं. परत जाऊन वळण घेतलं, शेवटी मधोमध थांबून सलाम केला. कागदावर शेरा मिळाला, "घोडी गोड आहे." स्वाराबद्दल सभ्य मौन. दंडगुण ३८.८.

अकरा वाजता रिंगणातल्या उड्या. इथले खांब रंगीत आणि नुसते टेकवून ठेवलेले. खूर निसटता लागला तरी पडतात. एक पडला की चार दंडगुण. सहाव्या उडीला मागच्या पायाने टक् आवाज झाला, मी मागे वळून पाहिलं नाही, पण बाहेरून शुद्ध मराठीत आवाज आला, "दांडी उडाली!" त्या मैदानावर हे कळणारे आम्ही दोघंच.

मग कपडे बदलायचे. सकाळची टाय आणि कोट उतरवून छातीला पाठीला जाड फोमचं कवच, त्यावर, आपण पडलो की हवा भरणारं जॅकेट, दंडाला वैद्यकीय माहितीची पट्टी. घोडीच्या नालांच्या भोकांत स्क्रूसारखे लोखंडी काटे फिरवून बसवायचे, म्हणजे वळताना पाय घसरत नाही. खूर मांडीवर घेऊन वाकलं की घोडी आपला अर्धा भार निवांत आपल्या पाठीवर टाकते. हे काम जमलं की आपण मोतद्दार झालो असं खुशाल समजावं.

सराव मैदानात माझ्या शेजारून एक व्यावसायिक स्वार कोवळ्या घोड्याला घेऊन जात होता. हे मला या खेळात फार आवडतं. नवशिका घोडा घेऊन आलेला कसलेला माणूस आणि कसलेली घोडी घेऊन आलेली नवशिकी बाई, एकाच ओंडक्यावरून उड्या मारतात.

सुरुवातीची चौकट तीन बाजूंनी बंद. आत शिरलं की माणूस उलटे आकडे मोजतो. पाच, चार, तीन, दोन, एक, गुड लक. अंतर २२०० मीटर, मिनिटाला ४३५ मीटरचा वेग धरून ठरवलेली वेळ ५ मिनिटं ३ सेकंद. त्याहून प्रत्येक जास्तीच्या सेकंदाला ०.४ दंडगुण. फार लवकर आलं तरी दंड असतो, पण ती चिंता आमची नव्हती.

पहिल्या तीन उड्या कशा झाल्या मला आठवत नाही. चौथ्यापासून मी श्वास घ्यायला लागले. घोडीचे कान पुढे, वाळूवर खुरांचा दबका आवाज, पाइनचा वास. पाण्यात शिरताना तोंडावर शिंतोडे उडाले आणि मी मोठ्याने हसले. माणूस या पाच मिनिटांसाठी पावणेपाचला उठतो.

आणि मग अकरा नंबर. दहा ढांगा आधी घोडी सरळ होती, पाच ढांगा आधीही. मग मी खाली, चरात पाहिलं. माणसाचं डोकं चार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की सगळा भार घोड्याच्या खांद्यांवर जातो, नेमका जिथे तिला हलकं व्हायचं असतं तिथे. शिवाय अगदी नाकाखालचं घोड्याला दिसतच नाही. लांबून पाहिलेलं लक्षात ठेवून आणि वरच्या माणसावर विसंबून ती उडी घेते. वरचा माणूस भोकात बघतोय म्हटल्यावर ती थांबली. काठावर चारही पाय रोवून तिने नाक खाली घातलं आणि पाइनच्या सुयांचा वास घेतला. इतकी जवळ होती की तिच्या फुंकरीने आतली वाळू हललेली मला दिसली.

घडीच्या खुर्चीवर बसलेल्या, पायाशी कुत्रा घेतलेल्या स्वयंसेवक आजींनी कागदावर खूण केली. वीस दंडगुण. सगळे म्हणतात घोडं अडलं. अडले होते मी.

मागे वळवलं. पलीकडे एका पाइनचा शेंडा मोडका होता, त्यावर नजर लावली आणि म्हटलं, "चल गं बाई." तिला मराठी कितपत कळतं ठाऊक नाही. पण चर कधी मागे गेला ते मला कळलंच नाही. फक्त पोटात एक हलका झोका बसला. आजींचा कुत्रा भुंकला, तेवढं ऐकू आलं.

५ मिनिटं ३४ सेकंद. एकतीस सेकंद जास्त, म्हणजे १२.४. एकूण बेरीज ७५.२, आमच्या गटात चौतिसांत एकोणतिसावी. नवऱ्याने फोनवर आईला आकडा सांगितला. "पंचाहत्तर? फर्स्ट क्लास की!" ती म्हणाली. मी दुरुस्त केलं नाही.

घोडीला थंड पाण्याने धुतलं, पट्टीने पाणी निपटलं, नालांमधले काटे काढले, श्वास शांत होईपर्यंत फिरवलं. मग घरी निघायचं म्हणून ट्रेलरचा रॅम्प खाली टाकला. सोळा अडथळे पार केलेल्या घोडीने त्या फळीवर एक खूर ठेवला, आवाज ऐकला आणि खूर मागे घेतला. गाजर दाखवलं. चाऱ्याची बादली वाजवली. मालकीणबाईंनी मागून दोरी धरली. शेवटी नवरा आत जाऊन उभा राहिला आणि सँडविचचा डबा उघडून खायला लागला. तिने मान लांब करून तिकडे पाहिलं. पंचवीस मिनिटांनी ती चढली, त्याच्या सँडविचमधला कोबीचा तुकडा ओढत.