एअरबॅग सहा, खरं बेल्ट सीटकव्हरच्या खाली

गेल्या महिन्यात गाडी घेतली, छोटीच, घरातल्या पाच माणसांना पुरणारी. शोरूममध्ये बाबांनी एकच विचारलं, एअरबॅग किती? सहा म्हटल्यावर त्यांचा विषय संपला. मी यूट्यूबवर क्रॅश टेस्ट बघून बघून डोकं पिकवून घेतलेलं, म्हणून मुलांचे मार्क किती ते विचारलं तर सेल्समन माझ्याकडं बघतच राहिला. ऑक्टोबर 2023 पासून आपल्याकडं भारत एनकॅप चालू आहे, म्हणजे गाड्या धडकवून बघून त्यांना स्टार द्यायची सरकारी योजना, त्यात मोठ्यांना 32 पैकी आणि मुलांना 49 पैकी असे वेगवेगळे मार्क असतात. समोरून धडकवतात ते ताशी 64 किलोमीटरने, आता निपाणीच्या हायवेला 64 ने कोण चालवतंय सांगा.

खरी गंमत पुढं. दुसऱ्याच दिवशी बाबा ॲक्सेसरीजच्या दुकानात. दुकानदार म्हणे, "पुढं गार्ड बसवूया की, गाडीला काय होणार नाही बघा." अहो, गाडीला झालं पाहिजे की! पुढचा भाग चेपतो तेव्हा धक्का तिथं जिरतो, आत माणसापर्यंत कमी पोचतो. असल्या गार्डवर कारवाई करा म्हणून केंद्रानं 2017 लाच राज्यांना पत्र लिहिलंय.

गार्ड टळलं, खरं सीटकव्हर झालंच. लाल शिलाईचं. घरी येऊन बघतोय तर पुढच्या सीटच्या कडेला एअरबॅग लिहिलेलं बारकं लेबल होतं ते कव्हरच्या आत गायब, आणि कडेची बॅग नेमकी तिथूनच सीट फाडून बाहेर येते. मागं बघतोय तर बेल्टची तिन्ही बक्कलं गाडलेली, बोटं घालून उकरून काढली, नखांत फोम. परत नेलं तर दुकानातला पोरगा म्हणतोय, "मागं कोण लावतंय ओ बेल्ट?"

सप्टेंबर 2022 मध्ये उद्योगपती सायरस मिस्त्री अपघातात गेले ते मागच्याच सीटवर, बेल्ट नव्हता, आणि गाडी तर लाखोंची. पुढं बसलेल्यांचंही तेच, बॅग पापणी लवायच्या आत फुगते, बेल्ट नसला तर तोवर माणूस पुढं फेकला गेलेला असतो आणि ती सरळ तोंडावर बसते. क्रॅश टेस्टमधले पुतळेसुद्धा बेल्ट लावूनच बसवतात, ते पाच स्टार बेल्टसकटचे आहेत.

परवा निपाणीला गेलो. पोरगी तिच्या सीटमध्ये, शेजारी आत्ती, तिला बेल्ट लावायला लावला तर पदर चुरगाळतोय म्हणून कुरकुर. हत्तरगीचा टोल गेला तसा मागनं टक्क आवाज.

"काय झालं आत्ती?"

"पोलीस गेले न्हवं."

तवंदी घाट यायच्या आधी संकेश्वरला गाडी कडेला घेतली, चहा पाजला आणि परत लावला.