‘विनंती’ची शिरोरेषा

परवा झोडियॅक या टोपणनावाने वर्तमानपत्रांना पत्रं पाठवणाऱ्या, कधीच न सापडलेल्या अमेरिकन खुन्यावरची माहितीपट मालिका बघत होतो. दुसऱ्याच भागात लेकीने निकाल देऊन टाकला, "बाबा, आर्थर ली ॲलनच. घड्याळसुद्धा झोडियॅक कंपनीचं घालायचा!"

ॲलन हा पोलिसांचा एक संशयित. मी हस्ताक्षरं तपासतो. 1969 मध्ये कॅलिफोर्नियातल्या वर्तमानपत्रांना आलेल्या त्या पत्रांच्या अक्षराशी ॲलनचं अक्षर जुळलं नव्हतं. खून झालेल्या टॅक्सीचालकाच्या टॅक्सीतले रक्ताळलेले बोटांचे ठसे त्याचे नव्हते. तो 1992 मध्ये वारला, आणि 2002 मध्ये पत्रांवरून मिळालेला अर्धवट डीएनएही त्याच्याशी जुळला नाही. हे सांगितलं, तर म्हणते, "अक्षर बदलून लिहिलं असेल."

हे वाक्य मी आधीही ऐकलंय. एका कचेरीत निनावी पत्रं येत होती आणि साहेबांनी एका लिपिक बाईंचं नाव आधीच पक्कं केलं होतं. माझ्याकडे आल्या त्या पत्रांच्या झेरॉक्स. झेरॉक्सवर पेनाचा दाब दिसत नाही, हात कुठे उचलला तेही खात्रीने सांगता येत नाही. नमुना तर बाईंसमोर तेच पत्र ठेवून उतरवून घेतलेला! समोरचं बघून लिहिलं की माणूस नकळत त्याच वळणावर जातो. मजकूर तोंडी सांगायचा, लिहून झालेला कागद लगेच काढून घ्यायचा, पुन्हा लिहायला लावायचं, ही अगदी प्राथमिक गोष्ट. पण ती पाळायला घाई नसावी लागते.

मी बाईंचं जुनं, रोजचं लिखाण मागितलं. रजेचे दोन अर्ज मिळाले. अक्षर लपवणारा माणूस तिरकेपणा बदलतो, आकार बदलतो. शिरोरेषेकडे सहसा त्याचं लक्ष जात नाही. पत्रात ती अख्ख्या शब्दावर सलग होती. बाईंची अक्षरागणिक तुटलेली.

तरी मी लिहिलं, "मूळ कागदांअभावी निश्चित मत देता येत नाही." नियमाला धरूनच होतं ते. फरक दिसतात, हेही लिहिता आलं असतं.

साहेबांचा फोन आला. "म्हणजे त्यांनी लिहिलंच नाही, असं तुमचं म्हणणं नाही ना?"

"तसं नाही म्हणत."

महिनाभरात बाईंनी नोकरी सोडली म्हणे. सोडायला लावली असणार.

मालिका संपल्यावर जुनी फाइल काढली. अर्जातल्या ‘विनंती’वर शिरोरेषेचे तीन तुकडे आहेत. पत्रातही हा शब्द आहे, एकाच रेघेखाली.